क्षयाची बाई घरी राहून बरी होते, हे कुणी शोधलं?

आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या आजीला, नाहीतर आजेसासूला विचारा, की आये, तुझ्या वेळी एखाद्या सुनेला क्षय झाला तर तिचं काय व्हायचं? ती सांगेल. आधी तिचं ताट-वाटी-तांब्या वेगळा व्हायचा. मग तिचं अंथरूण पडवीत नाहीतर गोठ्याकडच्या खोलीत जायचं. मग पोरं तिच्याजवळ फिरकू द्यायची नाहीत. आणि एक दिवस तिचा भाऊ बैलगाडी घेऊन यायचा आणि तिला माहेरी घेऊन जायचा. बऱ्याच जणी त्या वाटेनं परत आल्याच नाहीत.

आता आजचं चित्र बघा. त्याच आजाराची बाई घरात आहे. आशाताई गोळ्या घेऊन दाराशी येते. बाई गोळ्या घेते, स्वयंपाक करते, पोरांचा अभ्यास घेते, सहा महिन्यांनी बरी होते. पैसा एक लागत नाही.

हे आपोआप झालं असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही. “क्षयाची बाई घरात ठेवून बरी होते का, आणि तिला घरात ठेवली तर पोरांना जास्त धोका होतो का?” हा प्रश्न कुणाला तरी पडावा लागला. त्याचं उत्तर नीट मोजून काढावं लागलं. आणि त्या मोजणीचा खर्च कुठल्या औषध कंपनीनं नाही, तर लोकांच्या पैशातून सरकारांनी केला. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवात आपल्या आनंदीबाईंपासून करू. डॉक्टर आनंदीबाई जोशी. १८६५ साली जन्मलेली ही मुलगी अमेरिकेला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाचं काम तिची वाट बघत होतं. पण ती परत आली ती क्षय घेऊनच. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात ती गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं पाच वर्षं आधीच, १८८२ साली शोधून काढला होता. म्हणजे शत्रू कोण ते कळलं होतं, पण त्याला मारायचं हत्यार नव्हतं. स्वतः डॉक्टर असलेल्या बाईलाही वाचवता येत नव्हतं, तिथं आपल्या खेड्यातल्या बायांची काय कथा!

औषध नव्हतं तेव्हा उपाय एकच होता. मोकळी हवा, संपूर्ण विश्रांती आणि सकस खाणं. त्यासाठी गावाबाहेर, डोंगरावर, झाडीत मोठमोठी आरोग्यधामं बांधली. त्यांना सॅनिटोरियम म्हणत. आपल्याकडं मिरजेजवळ वानलेसवाडीला असं सॅनिटोरियम होतं. तिथं महिनोन्‌महिने पडून राहायचं. आता सांगा, कोणती बाई घरदार, लेकरं, शेत सोडून वर्षभर खाटेवर पडून राहू शकते? आणि राहायची म्हटली तरी खाटा किती? देशात रुग्ण लाखांनी आणि खाटा काही हजार.

आता जरा दूर, विलायतेला जाऊ. कारण गोष्टीचा एक धागा तिथून येतो.

१९११ साली ब्रिटनमध्ये कामगारांच्या विम्याचा कायदा झाला. त्यात एक छोटीशी तरतूद होती. विमा असलेल्या प्रत्येक कामगारामागे वर्षाला एक पेनी वैद्यकीय संशोधनासाठी बाजूला काढायची. पेनी म्हणजे तिथलं अगदी लहान नाणं. आणि संशोधन प्रामुख्यानं कोणत्या आजाराचं? क्षयाचं. कारण कामगारांच्या वस्त्यांत तोच आजार माणसं खात होता. या पेनी-पेनीतून १९१३ साली एक संशोधन समिती उभी राहिली. पुढं तिचीच मेडिकल रिसर्च कौन्सिल झाली. आपल्या बचत गटासारखंच की हे! एकटीच्या पाच-पन्नास रुपयांनी काही होत नाही, पण सगळ्यांचे एकत्र आले की म्हैस घेता येते.

त्याच १९११ साली आपल्या देशातही सरकारी पैशावर संशोधनाची एक संस्था सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, तिचं नाव भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद असं झालं. आयसीएमआर हे नाव तुम्ही करोनाच्या काळात रोज बातम्यांत ऐकलं असेल. तीच ही.

पुढं १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन नावाचं औषध सापडलं. क्षयाच्या जंतूला मारणारं हे पहिलं चांगलं औषध. ब्रिटनकडं ते अगदी थोडं आलं. लढाई नुकतीच संपलेली, तिजोरी रिकामी. मग ते द्यायचं कुणाला? ओळखीच्याला? पैसेवाल्याला? की जो जास्त रडेल त्याला?

तिथल्या संशोधन परिषदेनं वेगळा रस्ता काढला. आपण भिशीत काय करतो? डब्यात चिठ्ठ्या टाकतो आणि एक उचलतो. ज्या बाईची चिठ्ठी, तिची भिशी. कुणाची तक्रार नाही. त्यांनीही जवळजवळ तसंच केलं. सारख्याच आजाराचे १०७ रुग्ण घेतले. कोणाला औषध आणि विश्रांती, कोणाला त्या वेळच्या रीतीप्रमाणं नुसती विश्रांती, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीनं ठरलं.

चिठ्ठी कशासाठी? कारण निवड डॉक्टरवर सोडली, तर तो नकळत धडधाकट रुग्णाला औषध देईल आणि मग म्हणेल, बघा औषधानं बरा झाला. तो मुळातच बरा होणार होता की औषधानं झाला, हे कळणार कसं? चिठ्ठी टाकली की दोन्ही बाजू सारख्या होतात. मग जो फरक दिसतो तो औषधाचाच.

सहा महिन्यांनी मोजलं. औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण दगावले होते. नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. हा अहवाल १९४८ साली छापून आला.

इथं टाळ्या वाजवून घरी जायचं असतं, तर ती गोष्ट झाली असती. पण लोकांचा पैसा खर्च करणाऱ्यांनी पुढंही मोजणं सोडलं नाही. पाच वर्षांनी पाहिलं तर औषध घेतलेल्यांतलेही निम्म्याहून जास्त गेले होते. का? कारण एकाच औषधाला जंतू सरावले. औषध अंगात, पण जंतूवर परिणाम नाही. त्यातून धडा मिळाला तो आजपर्यंत चालू आहे. क्षयाला एक औषध कधीच द्यायचं नाही, दोन-तीन औषधं एकत्र द्यायची. आज तुमच्या गावातल्या रुग्णाला एकाच गोळीत तीन-चार औषधं मिळतात, ती या धड्यामुळं.

या संशोधनाची एक उणी बाजूही सांगायला हवी. त्या वेळच्या त्या रुग्णांना आपल्यावर असा अभ्यास चालू आहे, चिठ्ठ्या टाकल्या आहेत, हे सांगितलं नव्हतं. आज असं चालत नाही. त्याबद्दल पुढं बोलते.

आता आपल्या देशात येऊ. साल १९५६. गाव मद्रास, म्हणजे आजचं चेन्नई.

तोवर स्वस्त आणि तोंडानं घ्यायची औषधं आली होती. तेव्हा विचारवंत डॉक्टरांच्या मनात आलं, की गोळी तर घरीही गिळता येते. मग सॅनिटोरियम कशाला? पण लगेच दुसरे म्हणाले, छे, घरी कसं जमेल? घर म्हणजे अंधारी खोली, त्यात दहा माणसं, खायला धड नाही, आराम नाही. शिवाय रुग्ण घरात ठेवला तर सगळ्या घराला क्षय होईल. दोन्ही बाजूंचं बोलणं खरं वाटण्यासारखं होतं. वाद घालून याचं उत्तर मिळणार नव्हतं.

म्हणून मद्रासला एक केंद्र निघालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची ती पेनीवाली मेडिकल रिसर्च कौन्सिल अशा चौघांनी मिळून ते चालवलं. डॉक्टर वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर पहिली काही वर्षं तिथं प्रमुख होते. त्यांच्यासोबत भारतीय डॉक्टर, परिचारिका, घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका होत्या. बायांनो, या घरोघर फिरणाऱ्या बायकांची नावं पुस्तकात मोठ्या अक्षरात नसतात. पण त्या नसत्या तर हा अभ्यास झालाच नसता.

शहरातल्या गरीब वस्त्यांतले जवळपास दोनशे रुग्ण घेतले. पुन्हा चिठ्ठ्या. अर्धे सॅनिटोरियमला, अर्धे आपापल्या घरी. औषध दोघांना तेच, वर्षभर. सॅनिटोरियममध्ये खाट, आराम, सकस जेवण. घरी मात्र जे असेल ते. तीच गर्दी, तेच अपुरं खाणं, आणि बरेच जण पोटासाठी काम करतच राहिले.

घरच्या रुग्णानं आठवड्याला एकदा केंद्रात येऊन गोळ्या न्यायच्या. आरोग्यसेविका अधूनमधून न सांगता घरी यायची. गोळ्या मोजायची. लघवी तपासायची, कारण गोळी पोटात गेली की नाही ते लघवीत कळतं. लोकांवर अविश्वास म्हणून हे केलं नाही. ती गोळी रोज घेणं किती अवघड आहे, हे त्यांना माहीत होतं म्हणून केलं. त्या काळचं एक औषध तर असं होतं, की रोज मोठमोठ्या पुड्या गिळायच्या आणि वर मळमळ सोसायची.

वर्ष झालं. थुंकी तपासली. सॅनिटोरियममधल्या शंभरातल्या ९२ जणांचा आजार आटोक्यात आला होता. घरी राहिलेल्या शंभरातल्या ८६ जणांचा. तोकड्या अन्नावर, गर्दीच्या घरात राहूनही ८६! हा अहवाल १९५९ साली निघाला. पुढं पाच वर्षं त्याच रुग्णांवर नजर ठेवली, तेव्हा दोन बाजूंतला फरक जवळपास उरला नव्हता.

आणि घरातल्या लेकराबाळांचं काय? माझ्या मते या अभ्यासातली आपल्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट हीच. रुग्ण सॅनिटोरियमला गेला त्या घरात, आणि रुग्ण घरीच राहिला त्या घरात, नव्यानं क्षय होणाऱ्यांचं प्रमाण पाच वर्षं मोजलं. घरी ठेवल्यामुळं ते वाढलं नव्हतं. कारण असं, की घरच्यांना जी लागण व्हायची ती आजार ओळखण्याच्या आधीच, खोकला अंगावर काढला त्या महिन्यांत, होऊन गेलेली असते. औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत रुग्णाकडून आजार पसरणं खूपच कमी होतं.

म्हणजे बघा, ज्या बाईला आपण गोळ्या चालू असताना माहेरी पाठवत होतो, तिच्यापासून धोका जवळपास संपलेला होता. धोका होता तो आपण तपासणी लांबवली त्या दिवसांत. ताट-वाटी वेगळी केल्यानं तर काहीच साधत नव्हतं. क्षय भांड्यातून पसरत नाही, खोकल्यातून हवेवाटे पसरतो.

मद्रासच्या या उत्तरानं सगळ्या जगाचं धोरण बदललं. गरीब देशांना कळलं, की क्षय हटवायला हजारो खाटांचे वाडे बांधायला नकोत. गोळ्या, साधा दवाखाना आणि घरी जाऊन विचारपूस करणारी माणसं पुरतात. १९५९ साली बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली आणि १९६२ साली देशाचा क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, तो घरच्या उपचारावरच उभा राहिला.

पण घरच्या उपचारात एक खोट राहिली. बरं वाटायला लागलं की माणूस गोळ्या सोडतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, कामाला लागावंसं वाटतं. मग गोळ्या कोनाड्यात पडून राहतात आणि आजार दुप्पट जोरानं उलटतो. मद्रासच्याच केंद्रानं यावरही अभ्यास केला. आठवड्यातून फक्त दोनदा, पण समोर बसवून औषध दिलं तर? तेही चांगलं लागू पडलं. समोर डोस देण्याची ती पद्धत पुढं डॉट्स या नावानं जगभर गेली, आणि १९९७ पासून आपल्या देशाच्या कार्यक्रमात आली. वर्षा-दीड वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आला, तोही अशाच सरकारी पैशाच्या अभ्यासांमुळं.

आता मला सांगा, “क्षयाचा रुग्ण घरी बरा होतो” हे सिद्ध करण्यात कुठल्या कंपनीचा फायदा होता? कुणाचाच नाही. औषध तेच, गोळ्या तेवढ्याच. वाचला तो गरिबाचा संसार. ज्या प्रश्नाच्या उत्तरातून कुणालाच नफा होत नाही, तो प्रश्न बाजार विचारत नाही. तो लोकांच्या पैशानंच विचारावा लागतो. आपण मोबाइलच्या रिचार्जसारख्या ज्या कित्येक गोष्टी विकत घेतो, त्यातला कर सरकारकडं जातो. त्यातला एखादा पैसा अशा कामाला लागतो. ती आपली पेनी.

ही गोष्ट १९५६ सालावर संपत नाही. मद्रासचा अभ्यास झाल्यावर पुष्कळांनी त्याचा अर्थ असा लावला, की गोळ्या पुरतात, खाण्याचं विशेष नाही. पण तिथं प्रश्न वेगळा होता. रुग्ण बरा होतो का, एवढाच. “पोटभर खायला मिळालं तर घरातल्या बाकीच्यांना क्षय होणं टळतं का?” हा प्रश्न अजून कुणी नीट विचारलाच नव्हता.

तो विचारला गेला २०१९ साली, झारखंडच्या चार जिल्ह्यांत. खर्च भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, आणि सोबत मद्रासचं तेच जुनं केंद्र, जे आता राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखलं जातं. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. बरीचशी आदिवासी कुटुंबं. रुग्णांतले पाचातले चार जण इतके हडकुळे, की वजन उंचीच्या मानानं फारच कमी.

रुग्णांना सगळ्यांनाच दर महिन्याला दहा किलोचा शिधा दिला. तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. आजारी माणसाला उपाशी ठेवून अभ्यास करणं बरोबर नव्हतं. वेगळेपण केलं ते घरच्यांत. काही भागांतल्या घरच्यांनाही तांदूळ-डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. बाकी भागांतले घरचे नेहमीचंच खात राहिले. कुठला भाग कशात, ते पुन्हा चिठ्ठीसारख्याच पद्धतीनं ठरलं.

२०२२ पर्यंत नजर ठेवली, २०२३ साली निकाल आला. ज्या घरात सगळ्यांना शिधा मिळाला, तिथं नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण शंभरात ३९ नं कमी झालं. थुंकीतून पसरणारा क्षय तर जवळपास निम्म्यानं कमी. औषध कुठलं? डाळ-भात! आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं, त्यांच्यात मरणाचं प्रमाण खूप कमी दिसलं.

ही गोष्ट ऐकल्यावर आपण आपल्या घराकडं बघू या. सगळ्यांचं झाल्यावर, भांड्याच्या तळाशी उरेल ते, कोण खातं? आपणच. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर त्याच्या उशापायथ्याशी कोण असतं? आपणच. म्हणजे लागण होण्याची जागाही आपली आणि रिकामं पोटही आपलं. झारखंडचा अभ्यास सांगतो, की हे दोन्ही एकत्र आलं की धोका वाढतो. तेव्हा ज्या घरात क्षयाचा रुग्ण आहे, त्या घरातल्या बाईनं शेवटी जेवू नये. सोबत जेवावं, आणि डाळ सगळ्यांइतकी घ्यावी. याला हट्ट म्हणू नका, हा उपचार आहे.

गटानं काय करावं, तेही सांगते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर त्या बाईला हाताला धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. थुंकीची तपासणी आणि सगळी औषधं सरकारात मोफत आहेत. रुग्णाच्या बँक खात्यात उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये पोषणासाठी येतात. आधी ते ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. ते येतात का, हे तिला विचारा. येत नसतील तर आशाताईला सोबत घेऊन केंद्रात चौकशी करा. आणि गटाला जमत असेल तर निक्षय मित्र म्हणून एखाद्या रुग्णाला शिधा देता येतो. झारखंडच्या हिशोबात साधारण ३० घरांना शिधा पुरवला की एका माणसाचा क्षय टळतो. ते एक माणूस आपल्याच वाडीतलं असू शकतं.

शेवटी एक गोष्ट. उद्या तुमच्याही गावात कुणी अभ्यासाला येईल. म्हणेल, ताई, भाग घेता का? घाबरू नका, पण विचारा. हा अभ्यास कशाचा? खर्च कोणाचा? माझ्या अंगाला त्रास काय? मध्येच नको वाटलं तर सोडता येईल का? नाही म्हटलं तर माझे नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत ना? हे सगळं आपल्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय सही-अंगठा घ्यायचा नाही, असा आज नियम आहे. विचारणं हा आपला हक्क आहे. आणि पटलं तर भाग घेणं हे मोठं काम आहे. मद्रासच्या गरीब वस्त्यांतल्या त्या जवळपास दोनशे जणांनी वर्षभर गोळ्या गिळल्या, थुंकी दिली, दार उघडून आरोग्यसेविकेला आत घेतलं. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण आज कुणाच्या तरी घरी क्षय झालेली सून पोरांना कुशीत घेऊन आपल्याच अंथरुणावर झोपली आहे, ती त्यांच्यामुळं.

आजी बैलगाडीची गोष्ट सांगेल तेव्हा तिला हेही सांगा. आता भावाला गाडी जुंपायची गरज नाही.